आधी झाड बघा, मग बाटली उघडा

(असोदा, जि. जळगाव इथं झालेल्या वनहक्क व शेती शिबिरात आपल्या एका तरुण कार्यकर्तीनं केलेलं भाषण. बऱ्याच पाड्यांवरून मागणी आली म्हणून लिहून काढून छापत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं.)

 

असोद्याला मी आज पहिल्यांदा आलेली नाही. लहान होते तेव्हापासून येते. पण माईकसमोर उभं राहायला नाही, वांगी तोडायला. दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरून गाडी भरायची आणि सातपुडा उतरून आम्ही खाली तापीकाठच्या गावांत यायचो. कुणी कापूस वेचायला, कुणी केळीत, आणि मी आईसोबत इथं भरताच्या वांग्यात. अकरावी-बारावीच्या वह्यांचे पैसे ह्याच शिवारातल्या मजुरीतून आले. त्यामुळं ह्या गावाची मला लाज नाही, ओळख आहे.

काल दिवसभर आपण दाव्यांचं बोललो. कुणाचा दावा कुठं अडकला, कुणाचा पट्टा कमी क्षेत्राचा आला, कुणाची मोजणी राहिली. आज सकाळी एक बाबा मला म्हणाले, पोरी, जमिनीची लढाई चाललीय आणि तू आंब्याचं काय घेऊन बसलीस? बाबा, बरोबर विचारलंत. त्याचंच उत्तर द्यायला मी उभी आहे.

पट्टा मिळाला म्हणजे लढाई संपली असं नाही. जमीन हातात आली पण त्या जमिनीवर पोट भरत नसेल तर माणूस पुन्हा गाडीत बसून खालीच येणार. मग प्लॉट पडीक दिसणार. आणि पडीक दिसला की बोलणारे बोलणारच की ह्यांना जमीन कसायचीच नाही. आपल्या जवळजवळ प्रत्येक प्लॉटवर आंबा आहे. आजा-पणजानं राखलेला गावरान आहे, योजनेतून आलेला केशर आहे. तो आंबा आपल्याला काय देतो? आमच्या घरचं सांगते, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

आमच्या नेवाडात 14 झाडं. 6 आजोबांच्या वेळची गावरान, 8 केशरची कलमं. दरवर्षी माघ महिन्यात मोहोर फुलला की एक व्यापारी यायचा. झाडाखाली उभा राहायचा, वर बघायचा, आणि म्हणायचा, बाबा, मोहोर गळणार ह्यावर्षी, रोग दिसतोय, पण तुम्ही आपले माणूस, एवढे घ्या. घरात तेव्हा पैसा नसतो. दाणे संपत आलेले, होळी तोंडावर. बाबा पैसे घ्यायचे. झाडं आमची, राखण आमची, आणि मे महिन्यात आंबा भरून जायचा त्याच्या गाडीत. आम्ही पडलेला वेचायचो.

एका वर्षी बाबांनी ठरवलं, द्यायचा नाही. आपणच फवारू, आपणच विकू. बाजारातून एक बाटली आणली. दुकानदारानं विचारलं नाही कशासाठी, बाबांनी सांगितलं नाही. दोघांनाही घाई. मोहोर पूर्ण फुललेला, भर दुपार, अंगात बनियन, पाय उघडे, पाठीवर पंप. झाड उंच, फवारा वरून तोंडावर. संध्याकाळी बाबांना उलट्या सुरू झाल्या, डोळ्याला अंधारी, तोंडातून लाळ. झोळीत घालून खाली आणलं. माझी बारावीची परीक्षा आठ दिवसांवर होती. बाबा वाचले. आंबा मात्र त्या वर्षी धरलाच नाही. मोहोर काळा पडून गळाला.

आम्ही म्हटलं, नशीब. कुणी म्हटलं, नजर लागली. नंतर मला कळलं की दोन्ही नाही. आम्हाला झाडाला काय झालंय ते बघताच आलं नव्हतं.

हेच आज मला सांगायचं आहे. आधी झाड बघा, मग बाटली उघडा. पुष्कळदा बाटली उघडायचीच गरज पडत नाही.

हे मी शिकले कुठं? एक तर इथंच. असोद्याच्या वांग्याच्या शेतात मी पहिल्यांदा कामगंध सापळे बघितले. काठीला टांगलेला प्लास्टिकचा सापळा, आत मादीच्या वासाची गोळी, आणि त्या वासानं आलेले शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीचे नर पतंग अडकलेले. मालकीणबाई सकाळी ते पतंग मोजायच्या. मला वाटायचं, ह्या बाईला काही काम नाही का? पण त्या मोजून ठरवायच्या की आज फवारायचं की नाही. दुसरं, इथून जवळच ममुराबादला कृषि विज्ञान केंद्र आहे, आणि आपल्या सातपुड्यात रावेर तालुक्यात पालला दुसरं आहे. ही केंद्रं आपल्यासाठीच आहेत. आत जायला पट्टा लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. रोगट फांदी पिशवीत घालून घेऊन जायची आणि विचारायचं, साहेब, हे काय आहे? मी गेले. पहिल्यांदा दारात अर्धा तास उभी होते, आत जायला भीती वाटली. आता वाटत नाही.

बघा, हे असोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 साली त्या इथं जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलानं आणि नात्यातल्या एकानं लिहून ठेवल्या. पण शेत, झाड, पाखरू, पेरणी, हे सगळं त्या बाईला वाचता येत होतं. म्हणून मी म्हणते, झाड वाचायला अक्षर लागत नाही. आपल्या आयांना ते जमतं. फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे.

तर काय बघायचं?

पहिला, तुडतुडा. मोहोराचा तुरा हातात धरून हळूच हलवा. गव्हाच्या दाण्याएवढे, पाचरीसारखे राखाडी किडे टुणकन उडतील. हे मोहोराचा आणि कोवळ्या पानांचा रस पितात. रस पिऊन गोड चिकट पाणी सोडतात. आपण म्हणतो ना, आंब्याला चिकटा पडला, तो हाच. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळीसारखं दिसतं. लोक काळ्या बुरशीवर औषध मारतात आणि मूळ तुडतुडा तसाच राहतो. हा तुडतुडा वर्षभर कुठं असतो? झाडाच्या सालीच्या फटीत, आणि दाट, अंधाऱ्या फांद्यांत. म्हणजे ज्या झाडात ऊन शिरत नाही ते झाड तुडतुड्याचं घर.

एका झाडाच्या चारी बाजूंचे दहा तुरे बघा. एका तुऱ्यावर साधारण पाचपेक्षा कमी तुडतुडे असतील तर घाबरायचं कारण नाही. निंबोळी अर्क पुरतो. पाचाच्या वर जायला लागले तर केंद्रात विचारा.

दुसरा रोग, भुरी. मोहोरावर पांढरी राख उधळल्यासारखी दिसते. रात्री थंडी, दिवसा कोरडं ऊन, मधेच ढगाळ, अशा हवेत ती पसरते. फुलं आणि बारीक फळं गळतात. ही बुरशी आहे, किडा नाही. म्हणून किड्याचं औषध मारून ती जाणार नाही. तिला पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं गंधक लागतं, 10 लिटर पाण्याला 20 ग्रॅम. आमच्या बाबांनी त्या वर्षी हीच चूक केली. रोग होता भुरीचा, आणलं किड्याचं विष.

तिसरा, करपा. ही पण बुरशीच. पानांवर, मोहोरावर काळे-तपकिरी डाग, मोहोर जळल्यासारखा. पाऊस किंवा दमट हवा आली की वाढतो. वाळक्या, मेलेल्या काड्यांवर तो पुढच्या वर्षापर्यंत जिवंत राहतो. म्हणून वाळकी फांदी झाडावर ठेवायची नाही, कापून बागेबाहेर जाळायची.

चौथी, फळमाशी. वरून आंबा चांगला, कापला की आत अळ्या. मादी माशी फळाच्या सालीत टोचून अंडी घालते. आपला गावरान आंबा उशिरा, पाऊस लागता लागता पिकतो, त्यामुळं त्याला हिचा त्रास जास्त. ह्यावर फवारणीपेक्षा सापळा बरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं रक्षक सापळा काढलाय. त्यात मिथाईल युजेनॉलच्या वासानं नर माश्या येऊन मरतात. हेक्टरला 4, म्हणजे एकराला दोन धरा. फळं तयार व्हायच्या महिना-दीड महिना आधी लावायचे. आणि पडलेलं किडकं फळ रोज वेचून दोन फूट खड्ड्यात पुरायचं. तसंच पडू दिलं तर त्यातल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माशी होऊन येतात. पण एक ध्यानात घ्या. मी सापळे लावले आणि शेजारच्यानं किडकी फळं बांधावर फेकली तर काही उपयोग नाही. माशीला बांध कळत नाही. हे काम अख्ख्या पाड्यानं मिळूनच करावं लागतं.

पाचवी, खोडकिड्याची अळी. खोडातून भुसा गळताना दिसला, भोक दिसलं, की तारेचा आकडा घालून अळी बाहेर ओढायची. नाही निघाली तर कापसाचा बोळा रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवून भोकात कोंबायचा आणि वरून चिखल लिंपायचा. हे जुन्या झाडांना जास्त होतं. आजोबानं लावलेलं झाड एका अळीनं जाऊ द्यायचं का?

आणि सहावं, ज्याला आपण रोग समजतच नाही, ते बांडगूळ. आंब्याच्या फांदीवर दुसऱ्याच पानांचं हिरवं झुडूप येतं. दिसायला छान. पण ते आंब्याचं पाणी आणि अन्न ओढून घेतं, आणि पुढची फांदी वाळते. बारकी पाखरं त्याची फळं खातात आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसतात, असं ते पसरतं. नुसतं तोडलं तर परत फुटतं. ते जिथं चिकटलंय त्याच्या खालून, हातभर फांदीसकट कापायचं, आणि त्याला फळं धरायच्या आत. आमच्या 6 गावरान झाडांपैकी 4 झाडांवर बांडगूळ होतं. आम्ही ते वर्षानुवर्षं बघत होतो आणि म्हणत होतो, झाड म्हातारं झालं.

आता औषधाचं बोलते. मी औषधाच्या विरोधात नाही. लागेल तिथं घ्यावं. पण त्याला औषध म्हणायची सवय आपल्याला महागात पडते. ते विष आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर मेले. त्यात आपल्यासारखे मजूर होते, पंप पाठीवर घेणारे. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं, त्यानं तिथल्या गावांत लोक आजारी पडले, व्यंग असलेली मुलं जन्मली. 2011 साली सुप्रीम कोर्टानं ते विष देशभर बंद केलं. बाग मोठ्यांची असो की आपली, विष आधी जातं फवारणाऱ्याच्या अंगात.

बाटलीवर एक चौकोन असतो, त्यात रंगीत त्रिकोण. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी एवढं तरी पाठ करा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. मग पिवळा. मग निळा. हिरवा सगळ्यात कमी. लाल त्रिकोणाची बाटली घरात आणायचीच नाही. कमी विषारी म्हणजे हिरवासुद्धा प्यायचा नाही, त्यालाही हातमोजे लागतात. फवारताना अंगभर कपडे, तोंडाला फडकं, डोळ्याला चष्मा, पायात बूट. वाऱ्याच्या उलट उभं राहायचं नाही. सकाळी नाहीतर सांजच्याला फवारायचं. मधे बिडी-तंबाखू नाही, भाकरी नाही. रिकामी बाटली पाण्याला वापरायची नाही, भोक पाडून पुरायची. त्रास झाला तर बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जायचं, म्हणजे डॉक्टरला कळतं कुठलं विष गेलंय. आम्ही बाटली घरीच ठेवून गेलो होतो.

दुकानातून बिल घ्यायचं. बिलाशिवाय घ्यायचं नाही. आणि लेबलवर आंब्याचं नाव आणि त्या किडीचं नाव आहे का ते पोराकडून वाचून घ्यायचं. कापसाचं उरलेलं आंब्यावर मारायचं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. मोहोर पूर्ण फुललेला असताना किड्याचं विष फवारायचं नाही. का? आंब्याचं फळ धरतं ते माश्या, मधमाश्या आणि बारीक किडे फुलावरून फुलावर फिरतात म्हणून. एका तुऱ्यावर शेकड्यानं, कधी हजारानं फुलं असतात, त्यातून शेवटपर्यंत एक-दोन फळं टिकली तरी पुष्कळ. ती एक-दोनसुद्धा माशी आल्याशिवाय धरत नाहीत. भर फुलोऱ्यात आपण विष मारलं की तुडतुड्यासोबत माश्याही मेल्या. मग फळ कुठून धरणार? आमच्या घरी नजर लागली नव्हती. आम्हीच माश्या मारल्या होत्या.

आपल्या जंगलाचा फायदा इथंच आहे. खालच्या बागांना मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणाव्या लागतात, आपल्याकडं आग्या मोहोळ कड्याला आहे. आंब्यावर लाल मुंग्या पानं शिवून घरटं करतात ते बघितलंय ना? चावतात म्हणून आपण घरटं जाळतो. चीनमध्ये सतराशे वर्षांपूर्वी लोक अशाच मुंग्यांची घरटी विकत आणून संत्र्या-लिंबाच्या झाडांवर टांगायचे, कीड खाऊ द्यायला. 304 सालच्या एका पुस्तकात ते लिहून ठेवलंय. मात्र पिठ्या ढेकूण असेल त्या झाडावर ह्याच मुंग्या त्या ढेकणाला सांभाळतात, त्याचं गोड पाणी पितात म्हणून. म्हणजे इथंही तेच. आधी बघा.

निंबोळी अर्क कसा करायचा ते सांगते, हे लिहून घ्या. ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या वेचायच्या, गर काढून सावलीत वाळवायच्या. लागतील तेव्हा 5 किलो कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी फडक्यानं गाळायचं, थोडा साबण विरघळवायचा आणि एकूण 100 लिटर पाणी करायचं. 15 लिटरच्या पंपाला पाऊण किलो निंबोळी बसते. केलेला अर्क त्याच दिवशी संपवायचा. निंबोळी आपल्या पायाखाली पडते, आपण ती तुडवत बाजारात जातो आणि बाटली घेऊन येतो.

आता वर्षाचं काम. ग्रामसभेच्या भिंतीवर लिहून लावा.

जून-जुलै. आंबा उतरला की झाडाला विसरू नका. पुढच्या वर्षीचा मोहोर ह्या पावसात येणाऱ्या नव्या फांदीवर येतो. झाड दमलेलं असतं. मोठ्या झाडाला 40-50 किलो कुजलेलं शेणखत द्या. पण बुंध्याशी टाकू नका, खाणारी मुळं तिथं नसतात. दुपारी झाडाची सावली जिथपर्यंत पडते त्या कडेला गोल चर काढून त्यात टाका. एक वर्ष आंबा येतो, एक वर्ष येत नाही, असं आपण म्हणतो. ते थोडं झाडाच्या जातीचं आहे, थोडं आपल्या हाताचं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस सरला की वाळक्या, रोगट, एकमेकीवर घासणाऱ्या फांद्या आणि बांडगूळ कापा. झाडाच्या पोटात ऊन गेलं पाहिजे. एकदम सगळं झाड बोडकं करू नका, दोन-तीन वर्षांत थोडं थोडं करा. कापल्या जागी बोर्डो मलम लावा. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. लोखंडाच्या भांड्यात करू नका, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात करा.

नोव्हेंबर ते मोहोर निघेपर्यंत. ज्यांच्याकडं पाणी आहे त्यांनी आता झाडाला पाणी देऊ नये. पाणी दिलं तर पालवी फुटते, मोहोर नाही. फळ वाटाण्याएवढं झालं की मग पाणी सुरू करा.

डिसेंबर. पिठ्या ढेकूण येतो त्या झाडाच्या बुंध्याला वीतभर रुंद जाड प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधा, खालच्या कडेला ग्रीस लावा. पिल्लं मातीतून निघून खोडानं वर चढतात, ती पट्टीवरून घसरतात. एक रुपयाचं विष लागत नाही.

जानेवारी-फेब्रुवारी. आठवड्यातून दोनदा मोहोर बघा. तुरा निघताना, फूल उमलायच्या आधी काय करायचं ते करा. उमलल्यावर थांबा. फळ बाजरी-ज्वारीच्या दाण्याएवढं झालं की पुन्हा बघा.

मार्च-एप्रिल. मोह वेचायला खालचा पाला पेटवतो आपण. ती आग आंब्याच्या कलमापर्यंत जाते, दरवर्षी किती कलमं अशी जळतात ते तुम्हाला माहीत आहे. मोहाखाली झाडून काढा, जुनी साडी अंथरा. आणि आंब्याखालचा पाला जाळू नका, तोच बुंध्याभोवती पसरवा, ओल टिकते. ह्याच वेळी फळमाशीचे सापळे.

मे-जून. काठीनं झोडपून आंबा पाडू नका. झेल्यानं, देठासकट उतरवा. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो, मग तिथून कुजतो. कार्बाईडची पुडी टाकून पिकवायचा नाही, त्याला कायद्यानं बंदी आहे. गवताच्या आढीत पिकवा. खान्देशात आखाजीला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय लोक आंबा खात नाहीत. त्या दिवशी बाजारात आंब्याला मागणी असते, त्याचा विचार करा.

आता सौद्याचं. व्यापारी मोहोरावर का येतो? कारण तेव्हा आपल्याला भीती असते आणि त्याला माहिती असते. तो म्हणतो रोग आहे, आपण मान हलवतो. आता आपण म्हणायचं, दाखव, कुठला रोग? तुरा हलवून दाखव. दहा तुरे मोजलेली बाई असं सहज बोलू शकते. मी असं म्हणत नाही की उद्यापासून कुणी मोहोरावर विकूच नका. घरात पैसा नसतो हे मलाही माहीत आहे. पण सगळी झाडं देऊ नका, निम्मी ठेवा. बचत गटातून होळीपुरती उचल मिळाली तर तेवढं थांबता येतं. आणि वादळानं पडलेली कैरी वाया घालवू नका. धडगावकडच्या आपल्या बाया कैरी सोलून, फोडी उन्हात वाळवून आमचूर करतात, तो लांबच्या बाजारात जातो. लोखंडी विळ्यानं कापली की फोडी काळ्या पडतात, स्टीलचा चाकू वापरा. पांढऱ्या, कोरड्या आमचूराला भाव वेगळा.

शेजारच्या गुजरातमध्ये वांसदा भागात 1982 पासून बायफ संस्थेनं आदिवासी कुटुंबांसोबत वाडीचं काम केलं. एका एकरात आंबा, काजू, मधे धान्य, कडेनं कुंपणाची आणि सरपणाची झाडं. तिथली माणसं आपल्यासारखीच हंगामाला बाहेर जायची. वाडी उभी राहिली तशी कितीतरी घरं गावात टिकली. ती जमीन काही सोन्याची नव्हती. रोज बघणारं माणूस तिथं होतं.

शेवटी जमिनीवर येते. 2006 च्या वनहक्क कायद्यानं पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो, 4 हेक्टरपर्यंत, वारसानं पुढं जातो, विकता येत नाही. ज्यांना पट्टा मिळालाय त्यांना रोजगार हमीत काम मागता येतं, आणि त्याच कामात आपल्याच प्लॉटवर खड्डे, बांध, फळझाडं मागता येतात. मागणी लेखी करा, पोच घ्या. आणि ज्यांचे दावे अजून लटकलेत त्यांनी ऐका. कायद्याच्या नियमात पुराव्यांच्या यादीत घर, झोपडी आणि जमिनीवर केलेल्या कायमच्या सुधारणा, म्हणजे सपाटीकरण, बांध वगैरे, असं लिहिलंय. वडीलधाऱ्यांचा जबाबही त्यात आहे. म्हातारी सांगते की हा आंबा माझ्या सासऱ्यानं लावला, तिचा जबाब लिहून घ्या, झाडाजवळ उभं करून फोटो काढा, बुंध्याचा घेर मोजून ठेवा.

2019 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला होता, ज्यांचे दावे फेटाळले त्यांना काढा म्हणून. पंधरा दिवसांत तो थांबला, पण त्या पंधरा दिवसांत आमच्या पाड्यावर कुणाला झोप नव्हती. माझी आई तेव्हा काय करत होती माहीत आहे? आंब्याच्या कलमांना घागरीनं पाणी घालत होती. मी म्हटलं, आई, आपल्याला काढणार आहेत आणि तू पाणी घालतेस? ती म्हणाली, काढायला येतील तेव्हा हे झाड हिरवं दिसलं पाहिजे.

म्हणून माझी एक मागणी आहे, सरकारकडं नाही, तुमच्याकडं. प्रत्येक पाड्यानं एक आंब्याची वही ठेवा. झाडं किती, कुणी लावली, कधी, मोहोर कधी आला, कुठला रोग दिसला, काय फवारलं, किती आंबा निघाला, काय भावानं गेला. शाळेत जाणाऱ्या पोरा-पोरींना लिहायला लावा. ग्रामसभेत दर महिन्याला वाचा. गारपीट झाली तर पंचनाम्याला ही वही पुढं करा. दाव्याच्या सुनावणीला न्या. व्यापारी आला तर त्याच्यासमोर उघडा. तीन वर्षं लिहिली तर आपल्याच डोंगरात काय चालतं आणि काय नाही, ते कुठल्याही साहेबापेक्षा आपल्याला जास्त कळेल.

आमच्या वहीचं हे दुसरं वर्ष आहे. बांडगूळ काढलं, फांद्या मोकळ्या केल्या, भुरीला वेळेवर गंधक मारलं. किड्याचं विष एकदाही आणलं नाही. ह्या वर्षी निम्मी झाडं आम्ही मोहोरावर दिली नाहीत. फार पैसा झाला असं नाही. पण दिवाळीनंतर आई गाडीत बसली नाही, आणि बाबा पंपाला हात लावायच्या आधी आता तुरा हलवून बघतात.

तुम्ही पण घरी गेलात की एक तुरा हलवून बघा. मग मला सांगा काय उडालं ते.

जिंदाबाद!